कळावे, लोभ नसावा

डॉ. जॉन्सनचं एक गाजलेलं पत्र, फ्रीलान्सरच्या नजरेतून

माझ्या आजोबांची सगळी पत्रं 'कळावे, लोभ असावा' या शब्दांनी संपायची. भावाला लिहिलेलं पत्र असो की भाडं थकवणाऱ्या भाडेकरूला लिहिलेलं. दोन ओळी आधी कितीही कडक शब्द आले असले, तरी शेवटी लोभ मागितलेला असायचाच. पण ज्याचा लोभच नको आहे, त्याला लिहिलेलं पत्र कसं संपवायचं?

गेल्या वर्षी मला ही अडचण आली. चार वर्षं ज्या क्लायंटसाठी अनुवादाचं काम करत होते, त्यांचं काम सोडायचं ठरवलं होतं. एकच मोठी अशी तक्रार नव्हती. दर चार वर्षांत वाढला नव्हता. 'एक छोटासा बदल' पाचव्यांदा यायचा. रात्री अकराला व्हॉइस नोट, आणि बिलाबद्दल विचारलं की 'अकाउंट्सला पाठवलंय'. मी मेल लिहायला बसले आणि तो अकरा परिच्छेदांचा झाला. सॅम्युएल जॉन्सननं लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलं पत्र त्याच दिवसांत पुन्हा वाचलं. स्वाभिमानी लेखकानं बड्या माणसाला दिलेला नकार कसा असावा, तर असा, म्हणून हे पत्र अडीचशेहून जास्त वर्षं दाखवलं जातं. मला त्यातून नमुना हवा होता. तिसऱ्या वाचनानंतर मात्र माझा मेल मी पुसून टाकला. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

नऊ वर्षांचं काम, एकरकमी दर

१७४६ साली लंडनमधल्या काही पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन जॉन्सनशी इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. रक्कम १,५७५ पौंड, मुदत तीन वर्षं. आकडा भरघोस वाटतो, पण तो सगळं धरून होता. हाताखालच्या सहा लेखनिकांचा पगार त्यातूनच द्यायचा होता. तीन वर्षांच्या कामाला जवळपास नऊ लागली. फ्रीलान्सरचा पहिला धडा इथंच आहे: वेळेचा अंदाज चुकतो आणि एकरकमी दर तसाच राहतो.

१७४७ मध्ये जॉन्सननं कोशाचा आराखडा छापला आणि तो चेस्टरफील्डला उद्देशून लिहिला. चेस्टरफील्ड तेव्हा मंत्री होता, शिवाय चोखंदळ रसिक म्हणून त्याचा लौकिक होता. त्या काळी मोठं पुस्तक एखाद्या उमरावाच्या आश्रयाखाली निघायचं, त्याला अर्पण व्हायचं, आणि बदल्यात लेखकाला पैसा आणि ओळखीपाळखी मिळायच्या. चेस्टरफील्डनं दहा पौंड दिले. पुढं काहीच घडलं नाही. जॉन्सन त्याच्या दारी गेला, बाहेरच्या खोलीत थांबला, परत आला आणि मग जायचा थांबला. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या पोटमाळ्यावर कोशाचं काम चालू राहिलं. १७५२ मध्ये त्याची बायको वारली.

१७५४ च्या अखेरीस कोश पुरा होत आल्याची बातमी पसरली, आणि चेस्टरफील्डला अचानक जॉन्सनची आठवण झाली. 'द वर्ल्ड' नावाच्या साप्ताहिकात २८ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबरला त्यानं दोन लेख लिहून कोशाची तारीफ केली. भाषेत बेबंदशाही माजली आहे, तिला एका सर्वाधिकाऱ्याची गरज आहे आणि माझं मत जॉन्सनला, असा त्या लेखांचा खेळकर सूर होता. आजच्या भाषेत, सात वर्षं मेलला उत्तर न देणाऱ्या क्लायंटनं लाँचच्या आदल्या आठवड्यात तुम्हाला टॅग करून कौतुकाची पोस्ट टाकली.

जॉन्सननं लगेच काही लिहिलं नाही. त्याच्या पत्रावरची तारीख आहे ७ फेब्रुवारी १७५५. दुसऱ्या लेखानंतर दोन महिन्यांनी.

पत्र काय करतं

पत्र लहान आहे, फोनवर दोन-तीन स्क्रोलमध्ये संपतं. सुरुवात एका साध्या माहितीनं होते: ते दोन लेख आपले आहेत, असं मला साप्ताहिकाच्या मालकाकडून कळलं. भावनेचा शब्द नाही. पण या वाक्यात एक बारीक टोचणी आहे. माझी स्तुती तुम्ही मला सोडून सगळ्यांना ऐकवलीत, मला ती तिसऱ्याकडून कळली.

पुढं जॉन्सन दोघांमधला हिशेब मांडतो. सात वर्षांपूर्वी तो दारात थांबला होता. त्या सात वर्षांत मदत नाही, धीराचा शब्द नाही, एक हसू नाही. मग बुडणाऱ्या माणसाची प्रसिद्ध उपमा येते. पाण्यात हातपाय मारणाऱ्याकडे जो काठावरून निर्विकारपणे बघत राहतो, आणि तो किनाऱ्याला लागला की मदतीला धावून त्याचीच अडचण करतो, त्याला आश्रयदाता म्हणायचं का, असा प्रश्न जॉन्सन विचारतो. प्रश्न असल्यामुळे उत्तराची जबाबदारी समोरच्यावर पडते.

त्यानंतरचं वाक्य मला या पत्राचा गाभा वाटतं. ही दखल वेळेत आली असती तर ती कृपा ठरली असती. ती आली तोवर माझ्यात तिचा आनंद घेण्याची इच्छा उरली नाही, तो वाटून घ्यायला माणूस उरलं नाही, आणि मला ओळख मिळून गेल्यामुळे तिची गरजही उरली नाही, असा त्याचा आशय आहे. कारणं तीन आणि तिन्ही एकाच मापाची, वजनात तोललेली. इंग्रजी गद्याचे अभ्यासक या तोलाचं कौतुक करतात. पण मधलं कारण बघा. पहिलं आणि तिसरं कामाबद्दल आहे, मधलं घराबद्दल. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं नावही न घेता ती या वाक्यात येऊन जाते. दुःख इतकं आखीव जागेत बसवलं आहे की घाईत वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येऊ नये. मला वाटतं, व्यवहाराच्या पत्रात खासगी दुःखाला जागा द्यायचीच असेल तर एवढीच. माझ्या अकरा परिच्छेदांतले तीन माझ्या तब्येतीबद्दल होते.

दुसरी गोष्ट शिष्टाचाराची. पत्रभर 'माय लॉर्ड' आहे. शेवटची सही 'आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक' या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणेच आहे. जॉन्सननं एकही औपचारिक पायरी गाळली नाही, आणि त्यामुळेच ती सही वाचताना अंगावर येते. ज्याची आज्ञा यापुढं कधीच पाळणार नाही, त्याचा आज्ञाधारक सेवक. आजोबांच्या 'लोभ असावा'ला भाडेकरूच्या पत्रात जी धार होती, ती हीच असणार.

इथवर मी पत्राच्या प्रेमात होते. अडचणी यापुढं सुरू होतात.

चुकीच्या माणसाला लिहिलेलं पत्र

पहिली अडचण अशी, की चेस्टरफील्ड जॉन्सनचा क्लायंट नव्हताच. त्यानं काम दिलेलं नव्हतं, करार केलेला नव्हता, मुदत घातलेली नव्हती. क्लायंट होते ते पुस्तकविक्रेते. त्यांच्याशी जॉन्सनचे संबंध कसे होते, हे त्याचा चरित्रकार बॉस्वेल याच्या एका किश्श्यावरून कळतं. कोशाची शेवटची पानं घेऊन निरोप्या अँड्र्यू मिलर या प्रकाशकाकडे गेला आणि परत आला. काय म्हणाला तो, असं जॉन्सननं विचारलं. सुटलो बुवा याच्या तावडीतून, देवाचे आभार, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले, असं निरोप्यानं सांगितलं. त्यावर जॉन्सन हसून म्हणाला, की मिलर कशाबद्दल का होईना देवाचे आभार मानतो, हे ऐकून बरं वाटलं.

जॉन्सनच्या हजरजबाबीपणासाठी हा किस्सा सांगितला जातो. मी मिलरच्या बाजूनं वाचला. तीन वर्षांचं काम नऊ वर्षं लांबवणारा, मधल्या काळात पैसे उचलत राहणारा हा माणूस मिलरच्या वहीत 'अवघड फ्रीलान्सर' म्हणून नोंदला गेला असेल. पत्राच्या गोष्टीत जो पीडित, तोच या गोष्टीत छळणारा आहे.

तरीही मिलर आणि जॉन्सन यांच्यात तसलं धगधगतं पत्र कुणी लिहिलं नाही. कारण साधं आहे. त्यांच्यात करार होता. काय द्यायचं, किती घ्यायचं, कधी संपलं, हे ठरलेलं होतं. कुरकुर झाली, टोमणे झाले, पण शेवटचं पान पोचलं आणि संबंध संपला. चेस्टरफील्डच्या बाबतीत काहीच ठरलेलं नव्हतं. अपेक्षा होत्या, रिवाज होता, दहा पौंड होते. जिथं करार नसतो, तिथं वक्तृत्व लागतं.

हे वाचून माझे अकरा परिच्छेद मला वेगळे दिसायला लागले. त्या मेलमध्ये मी काय सिद्ध करत होते? की 'छोटासा बदल' छोटा नव्हता, रात्री अकरा ही कामाची वेळ नव्हे. पण किती बदल फुकट आणि कितव्याला पैसे, हे आम्ही कधी लिहून घेतलं नव्हतं. पहिलं काम एका फोनवर ठरलं होतं, आणि 'बाकीचं बघू' या दोन शब्दांवर चार वर्षं गेली. आपल्याकडे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. नोंदणी केलेल्या छोट्या सेवा व्यावसायिकाचं बिल त्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, आणि पुढं चक्रवाढ व्याज लागू शकतं. मी नोंदणीही केली नव्हती. नोंदणीच्या जागी विशेषणं वापरत होते.

दहा पौंडांचं काय?

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. जॉन्सन पत्रात म्हणतो की मदतीची एकही कृती झाली नाही. पण दहा पौंड मिळाले होते. हे त्यानं स्वतःच पुढं बेनेट लँगटन या मित्राला सांगितलं, आणि अशा पत्रात उल्लेख करावा इतकी ती रक्कम मोठी नव्हती, असंही म्हणाला. बॉस्वेलनं हे प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

खरंच नव्हती का? कोश निघाल्यावर वर्षभरानं, मार्च १७५६ मध्ये, जॉन्सनला ५ पौंड १८ शिलिंगांच्या कर्जापायी अटक झाली. कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसननं सहा गिनी पाठवून त्याला सोडवलं. सहा पौंडांपायी ज्याच्यावर अटकेची वेळ येते, त्याच्या हिशेबात दहा पौंड नगण्य नसतात. ते पत्राच्या हिशेबात नगण्य होते. 'एकही कृती नाही' या वाक्याला जो ठोका आहे, तो 'दहा पौंड सोडता एकही कृती नाही' याला येत नाही. जॉन्सननं लयीसाठी सत्याला कात्री लावली, असं मला वाटतं. माणूस किती काटेकोर होता हे ठाऊक असल्यामुळे ते जास्त खुपतं.

जॉन्सनच्या बाजूनंही बोलायला हवं. चेस्टरफील्डकडे दुसऱ्या पाहुण्याला आत घेतलं आणि जॉन्सनला ताटकळत ठेवलं म्हणून तो चिडला, अशी एक गोष्ट त्या काळी फिरत होती. ती त्यानं स्वतः खोडून काढली. अमुक एक प्रसंग घडला नाही, सततचं दुर्लक्ष हेच कारण, असं त्यानं बॉस्वेलला सांगितलं. चटपटीत आणि सोयीची गोष्ट आयती मिळत असताना ती नाकारणारा माणूस खोटारडा नसतो. पण सततच्या दुर्लक्षाची अडचण अशी की त्याला पुरावा नसतो. मग ते पुराव्यासारखं दिसावं म्हणून आपण त्याच्यातले अपवाद पुसतो.

माझेही दहा पौंड होते. २०२१ च्या उन्हाळ्यात आई हॉस्पिटलमध्ये होती. या क्लायंटला ते कुठून तरी कळलं, आणि त्यांनी न विचारता पुढच्या दोन कामांचे पैसे आधी पाठवले. 'काम सावकाश करा' एवढाच मेसेज होता. माझ्या अकरा परिच्छेदांत तो उन्हाळा कुठंच नव्हता. मुद्दाम वगळला नव्हता. लिहिताना तो आठवलाच नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

पत्र पोचल्यावर

चेस्टरफील्डनं काय केलं? त्यानं पत्र टेबलावर ठेवून दिलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. प्रकाशक डॉड्सलीला वाचून दाखवलं, सगळ्यात झोंबणाऱ्या जागा बोटानं दाखवल्या आणि किती छान लिहिलंय म्हणून दाद दिली. स्वतःच्या वागण्याबद्दल त्याचं म्हणणं होतं की जॉन्सननं जागा बदलल्याचं ऐकलं होतं, तो राहतो कुठं हे माहीत नव्हतं. 'तुमचा नंबर बदलला होता ना?' हे उत्तर एवढं जुनं आहे.

कार्लाइलसारख्यांनी या पत्रात आश्रयदात्यांच्या युगाची मृत्युघंटा ऐकली. ज्याच्यासाठी ती वाजवली होती, त्यानं ती मैफलीसारखी ऐकली. चांगलं लिहिण्याचा हा धोका आहे. जो माणूस सात वर्षं तुमच्या कामाची मजा फुकट घेऊ पाहत होता, त्याला तुम्ही रागाच्या भरात तुमचं सर्वांत चांगलं गद्य फुकट दिलंत.

जॉन्सनचं वागणं मात्र इथं वेगळं आणि शिकण्यासारखं आहे. त्यानं पत्र फिरवलं नाही. मागणाऱ्यांना बरीच वर्षं प्रत दिली नाही. बॉस्वेलला ते १७८१ मध्ये, आठवणीतून सांगून लिहून घेऊ दिलं. छापून आलं ते १७९० मध्ये, जॉन्सनच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. म्हणजे स्क्रीनशॉट क्लायंटनं दाखवला, लेखकानं नाही. पण पत्र शब्दन् शब्द त्याच्या डोक्यात सव्वीस वर्षं होतं. संबंध संपला होता, पत्र संपलं नव्हतं.

शिवाय हिशेब त्यानं दुसरीकडे चुकता केला. एप्रिल १७५५ मध्ये कोश निघाला तो कुणालाही अर्पण न करता. प्रस्तावनेत बड्यांच्या आश्रयाविना काम पुरं केल्याची नोंद आली. 'पेट्रन' या शब्दाच्या व्याख्येला त्यानं उर्मटपणा आणि खुशामत यांच्या देवघेवीचं शेपूट जोडलं. आणि विद्वानाच्या वाट्याला येणाऱ्या हालांची यादी असलेल्या आपल्या १७४९ च्या कवितेत 'पोटमाळा' हा शब्द काढून तिथं 'आश्रयदाता' घातला. मला त्याचा सगळ्यात चांगला सूड हा वाटतो. एका शब्दाची दुरुस्ती, स्वतःच्या कामात, स्वतःच्या सहीनं.

गंमत म्हणजे त्याच कोशात 'पेन्शन'ची व्याख्याही त्यानं अशीच विखारी केली होती, सरकारकडून विकत घेतलेल्यांचा पगार अशा थाटाची. १७६२ मध्ये राजानं त्यालाच वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन देऊ केलं. थोड्या घालमेलीनंतर त्यानं ते घेतलं. मी त्याला दोष देणार नाही. अटक अनुभवलेल्या माणसाला दरमहाची शाश्वती काय वाटते, हे आपल्यापैकी कुणालाही समजावून सांगायला नको.

नकार कधी परवडतो

मराठी वाचकाला जॉन्सनची सविस्तर ओळख करून दिली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. वडील कृष्णशास्त्रींनी सुरू केलेलं 'रासेलस'चं भाषांतर त्यांनी पुरं केलं, आणि 'निबंधमाले'त जॉन्सनवर दीर्घ लेखन केलं. विष्णुशास्त्री तेव्हा सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी टिळकांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. राजीनाम्याची गोष्ट आपण बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगतो, ती आहेही. पण तारखा बघा. 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली, म्हणजे राजीनाम्यापर्यंत ती पाच वर्षं चाललेली होती. वाचक होते, नाव होतं.

जॉन्सनचंही तसंच. पत्र सात वर्षांनी गेलं, दुसऱ्या वर्षी नाही. कोश छापखान्यात पोचल्यावर गेलं. बाणेदारपणा स्वभावात असतो असं आपल्याला सांगितलं जातं. या दोन्ही उदाहरणांत तो हातात तयार असलेल्या कामातून आला. ज्याच्या हातात अजून काही नाही, ज्याचं भाडं पाच तारखेला द्यायचं आहे, त्यानं नकार दिला नाही म्हणून त्याला स्वाभिमान नाही, असं कुणी म्हणू नये. इन्स्टाग्रामवर 'टॉक्सिक क्लायंटला लाथ मारा' सांगणाऱ्यांनी तर नाहीच. मी चौथ्या वर्षी सोडू शकले, कारण तिसऱ्या वर्षी दुसरी दोन कामं मिळाली होती.

शेवटी पाठवलेला मेल पाच ओळींचा होता. हातातल्या कामाची अंतिम फाइल सोबत आहे. या महिन्याच्या ३० तारखेनंतर नवीन काम घेणार नाही. दोन बिलं बाकी आहेत, त्यांचे क्रमांक आणि रकमा खाली आहेत. पुढचे बदल वेगळ्या दरानं होतील. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तुम्ही जे केलंत, ते माझ्या लक्षात आहे.

खाली नुसतं 'कळावे' लिहिलं. 'लोभ असावा' खोटं झालं असतं, आणि 'नसावा' लिहायला मी जॉन्सन नव्हे.

तासाभरात उत्तर आलं. 'ओके, नोटेड. पान १४ वर एक छोटासा बदल आहे.' बदलाचा दर कळवला. त्यावर उत्तर आलं नाही. दोन बिलांपैकी एक महिन्याभरात जमा झालं. दुसऱ्यासाठी दर सोमवारी एका ओळीचा मेल पाठवते. त्यात बिलाचा क्रमांक, रक्कम आणि तारीख असते.